हिशेबनिसाचे बंड

पनवेल सोडून गोव्याच्या वाटेला लागले की पळस्प्याचा फाटा येतो. तेथून थोड्याच अंतरावर शिरढोण लागते आणि त्याच्याही पुढे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका आभाळात उभा दिसतो. महाराष्ट्राला शिरढोण ठाऊक आहे ते आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव म्हणून. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा येथे जन्म झाला. त्यांचे चरित्र शाळकरी पुस्तकांतून ज्या रीतीने सांगितले जाते त्यात तलवार, घोडा, डोंगरदऱ्या आणि शेवटी एडनचा तुरुंग एवढेच प्रामुख्याने येते. परंतु या माणसाच्या उमेदीची सारी वर्षे लष्करी हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेली होती. आणि त्याने १८७९ साली सरकारला धाडलेला जाहीरनामा हे वस्तुतः त्या काळच्या सरकारी जमाखर्चाला दिलेले उत्तर होते. चरित्राची ही बाजू काहीशी अंधारातच राहिली.

फडके घराण्याचा कर्नाळ्याशी संबंध जुना. वासुदेवांचे आजोबा अनंतराव हे पेशवाईच्या अखेरीस कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ साली कर्नल प्रॉथरच्या फौजेपुढे किल्ला पडला आणि किल्लेदारी संपली. आजोबांच्या तोंडून त्या दिवसांच्या हकिकती ऐकतच नातू लहानाचा मोठा झाला. बालपणाचा पुष्कळसा काळ आजोळी, कल्याणला गेला. घरची श्रीमंती कधीच सरली होती, उरला होता तो फक्त दिमाख. आणि दिमाखावर संसार चालत नाही. तेव्हा मराठी आणि इंग्रजी शिकून वासुदेवांनी त्या पिढीतल्या असंख्य तरुणांप्रमाणे मुंबईची वाट धरली.

मुंबईत त्यांनी प्रथम जी. आय. पी. रेल्वेत कारकुनी केली, मग ग्रँट मेडिकल कॉलेजात. दोन्ही ठिकाणी ते फार काळ रमले नाहीत. पुढे लष्कराच्या पुरवठा खात्याचे हिशेब तपासणाऱ्या कचेरीत त्यांना जागा मिळाली आणि त्याच खात्यातून त्यांची पुण्यास बदली झाली. फौजेला लागणारे धान्य, दाणावैरण, बैल, उंट, तंबू, दारू यांवर होणारा खर्च या कचेरीतून पुढे सरकत असे. हिंदुस्थान सरकारच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा तेव्हा फौजेचाच होता. कोकणातल्या एका गावातून आलेला हा तरुण रोज सकाळी कचेरीत जाऊन तो वाटा आकड्यांत पाहत होता. पुढे त्याच्या मनात जे पेटले त्याचे सरपण या वह्यांतही होते, असे मानण्यास जागा आहे.

याच नोकरीत घडलेला एक प्रसंग सर्व चरित्रकार सांगतात. शिरढोणहून आई सरस्वतीबाई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. वासुदेवांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. रजेवाचूनच ते गावी पोहोचले, तोवर आईने डोळे मिटले होते. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारली गेली. १८७० च्या आसपासची ही घटना. या एका अपमानातून बंड जन्मले असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. त्या प्रसंगानंतरही ते त्याच कचेरीत आठ-नऊ वर्षे कागद तपासत राहिले. राग मनात होता. त्याला कारण आणि दिशा मिळाली ती पुण्यात.

१८७० च्या दशकातील पुणे हे विलक्षण शहर होते. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, स्वतः कातलेल्या सुताचे कापड अंगावर घालून स्वदेशीचा प्रचार करीत होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे देशी व्यापाराच्या ऱ्हासावर आणि देशातून बाहेर वाहत जाणाऱ्या पैशावर व्याख्याने देत होते. दादाभाई नवरोजींनी तर हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी वीस रुपये भरते, असा हिशेब मांडला होता. वासुदेव ही व्याख्याने मन लावून ऐकत. सरकारी खर्चाच्या ज्या रकमा कचेरीत नुसत्या रकमा होत्या, त्या कोणाच्या खिशातून येतात हे त्यांना या व्याख्यानांनी दाखवले. परदेशी वस्तू न वापरण्याचा नेम त्यांनी याच काळात धरला. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन या शिक्षणसंस्थेच्या उभारणीतही त्यांचा हात होता. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती हीच. तरुणांत एकी वाढावी म्हणून त्यांनी ऐक्यवर्धिनी सभाही काढली.

दुसरीकडे ते लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जात होते. तेथे दांडपट्टा, तलवार, बंदूक यांचा सराव चाले. प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८७३ च्या सुमारास त्यांनी दुसरा विवाह केला. पत्नी गोपिकाबाईंना त्यांनी लिहायला-वाचायला शिकवले, शस्त्र धरायला आणि घोड्यावर बसायलाही शिकवले. सदाशिव-नारायण पेठेतल्या त्या काळच्या गृहस्थाच्या घरी ही गोष्ट सहज खपण्यासारखी नव्हती. दत्ताची उपासना, कचेरीतली बोरूची नोकरी, सभेतली व्याख्याने आणि तालमीतली मेहनत, असे चार प्रकारचे आयुष्य हा माणूस एकाच वेळी जगत होता.

त्या काळच्या रयतेची स्थिती समजून घेतल्याखेरीज पुढचे काही उलगडत नाही. दख्खनच्या पठारावर जमीनमहसुलाची फेरआकारणी १८६७ पासून इंदापूर तालुक्यात सुरू झाली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते, सारा मात्र तेजीच्या काळातील उत्पन्न गृहीत धरून वाढवलेला. सारा रोखीत आणि मुदतीत भरायचा, म्हणून कुणबी सावकाराकडे जाई. सावकाराने कोर्टातून हुकूमनामा आणला की जमीन जाई. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून गहाणखते आणि रोखे जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाचा अहवाल झाला, छापला गेला. आणि कायदा होण्याआधी पाऊस थांबला.

१८७६ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या आठवणीत दीर्घकाळ राहिला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, विजापूर या टापूत पिके करपली. गुरे मेली, मग माणसे. मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसे दोन वर्षांत दगावली, असे अंदाज आहेत. मुंबई सरकारने दुष्काळी कामे काढली. दौंड-मनमाड लोहमार्गाचा भराव, तलाव, नीरेचा कालवा अशा कामांवर लाखो हात लागले. परंतु कलकत्त्याला खर्चाची धास्ती वाटत होती. सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाचे खास प्रतिनिधी म्हणून धाडण्यात आले ते हात आखडता घेण्यासाठीच. यापूर्वी १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात याच टेंपलनी सढळ हाताने धान्य वाटले होते आणि उधळपट्टीचा ठपका पत्करला होता. आता त्यांना तो डाग धुवायचा होता. दिवसभर कष्टणाऱ्या पुरुषाला सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा, बाई आणि पोराला त्याहून कमी, असा दर त्यांनी ठरवला. इतिहासात तो टेंपल मजुरी या नावानेच ओळखला जातो.

मुंबई इलाख्यात याला जे उत्तर मिळाले ते फारसे सांगितले जात नाही. १८७७ च्या आरंभी हजारो दुष्काळग्रस्त मजुरांनी कामे सोडली. ना दंगा, ना लूट. घटवलेल्या मजुरीवर आणि घरापासून दूरच्या कामांवर जाण्यापेक्षा ते उपाशी घरी बसले. सार्वजनिक सभेने त्यांच्या वतीने अर्जामागून अर्ज केले, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. त्याच सुमारास, १ जानेवारी १८७७ रोजी, लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले. सार्वजनिक काका आपले जाडेभरडे खादीचे कपडे घालूनच त्या दरबारात गेले होते. पुढे मे महिन्यात टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. दुष्काळात साऱ्याला सूट द्यावी की नुसती तहकुबी, हा वाद त्यांच्या कारकिर्दीत धगधगत राहिला. तहकुबी म्हणजे आज न भरलेला सारा उद्या भरणे. ज्याचे बैल मेले त्याला उद्या आणि आज सारखाच.

दुष्काळ ओसरू लागला तसा सरकारला तिजोरीत पडलेला खड्डा दिसू लागला. अर्थखात्याचे सभासद सर जॉन स्ट्रेची यांनी डिसेंबर १८७७ मध्ये एक योजना मांडली. दुष्काळ पुन्हा येणारच, तेव्हा त्यासाठी दरसाल दीड कोट रुपये बाजूला काढावेत. आणि ते नव्या करांतून उभारावेत. कल्पना वाईट नव्हती. करांची निवड मात्र अशी होती की ज्यांना दुष्काळाने पोळले त्यांच्याचकडून दुष्काळनिवारणाचा निधी वसूल व्हावा. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत मिठावरील कर मणामागे एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपयांवर नेण्यात आला. पनवेल-उरणच्या खाडीकाठी, जिथे मीठ डोळ्यांदेखत आगरात पिकते, तिथल्या माणसालाही ते या दराने विकत घ्यावे लागे. जोडीला १८७८ साली व्यापार आणि धंद्यांवर परवाना कर आला. त्यात लहान दुकानदार, कारागीर, फेरीवाले आले; मोठ्या पगाराचे सरकारी अधिकारी आणि वकील-डॉक्टर मात्र सुटले.

तेव्हाच्या अंदाजपत्रकावर लोकांनी बोलायचे तरी कोठे? हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक जेम्स विल्सन यांनी १८६० साली मांडले, तरी त्यावर विधिमंडळात चर्चा करण्याचा हक्क सभासदांना मिळाला तो १८९२ च्या कायद्याने. तोवर नवा कर बसवण्यासाठी कायदा करावा लागला तरच कौन्सिलात दोन शब्द निघत, आणि तेही सरकारनियुक्त सभासदांच्या तोंडून. उरले अर्ज, वर्तमानपत्रे आणि रस्ता. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेत परवाना कराविरुद्ध दुकाने बंद झाली, जमाव रस्त्यावर आला आणि प्रकरण गोळीबारापर्यंत गेले. पुण्यात सार्वजनिक सभेने त्याच वर्षी आपले त्रैमासिक सुरू केले आणि त्यातून सारा, कर आणि दुष्काळ यांवर आकडेवारीनिशी लेख येऊ लागले. अर्ज अतिशय अभ्यासपूर्ण असत. उत्तरेही सभ्य भाषेत येत, आणि बहुधा नकाराची असत.

मग तर कमालच झाली. नोव्हेंबर १८७८ मध्ये अफगाणिस्तानशी युद्ध सुरू झाले आणि पुढच्या अंदाजपत्रकात दुष्काळासाठी राखायची रक्कम जवळजवळ गिळली गेली. कर तेवढे राहिले. आणि मार्च १८७९ मध्ये, तिजोरी अशी ओढगस्तीत असताना, लिटन यांनी आपल्याच कौन्सिलातील बहुमत डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरील आयात जकात उठवली. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचे समाधान झाले. इकडे मीठ महागच राहिले आणि परवान्याची वसुली चालूच.

लष्करी हिशेबाच्या कचेरीतला कारकून हे सगळे दुरून पाहत नव्हता. दुष्काळाच्या काळात वासुदेव बळवंत वेष पालटून जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडले होते. गावेच्या गावे ओस पडलेली त्यांनी पाहिली. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावी जाऊन ते व्याख्याने देत. १८७५ साली बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना सरकारने पदच्युत केले तेव्हापासूनच हा क्रम सुरू झाला होता. पण सुशिक्षितांकडून त्यांची निराशा झाली. टाळ्या वाजवणारे पुष्कळ, पदर मोडणारा कोणी नाही. सावकारांकडे त्यांनी कर्जाऊ रकमा मागून पाहिल्या. त्याही मिळाल्या नाहीत. तेव्हा पैसा लुटून आणायचा, त्यातून माणसे जमवायची, टपाल आणि तारा तोडायच्या, तुरुंग फोडायचे आणि एकाच वेळी ठिकठिकाणी उठाव करायचा, असा बेत त्यांनी आखला.

यासाठी त्यांनी जी माणसे जमवली ती पेठांतली नव्हती. पुरंदर, भोर, जेजुरीच्या टापूतील रामोशी हे पूर्वीचे किल्ल्यांचे आणि गावांचे राखणदार. कंपनी सरकारने त्यांची वतने आणि हक्क काढून घेतले आणि उलट त्यांनाच गुन्हेगार ठरवले. १८२० च्या दशकात उमाजी नाईकांनी याच कारणाने सरकारला सळो की पळो करून सोडले होते. आता दुष्काळाने त्यांच्यावर पुन्हा उपासमार आणली होती. दौलतराव नाईक यांच्यासारखा धाडसी पुढारी वासुदेवांना मिळाला. विष्णु गद्रे, गोपाळ साठे, गणेश देवधर, गोपाळ हरी कर्वे हे सोबती होते. २० फेब्रुवारी १८७९ रोजी पुण्याच्या उत्तरेस लोणीजवळ ही तुकडी एकत्र आली. नोकरी मागे पडली, घर मागे पडले.

पहिला दरोडा शिरूर तालुक्यातील धामारीवर पडला. हाती आलेली रक्कम क्षुल्लक होती. त्यामागून आणखी गावे झाली. पुणे जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतील सावकार भयभीत झाले. गोरगरिबांना त्रास देऊ नये, बायकांच्या अंगाला हात लावू नये, अशी ताकीद असे. तरी दरोडा तो दरोडाच. ज्यांची घरे फोडली गेली त्यांत सगळेच रक्तशोषक होते असे नाही, आणि सारा ठरवणारे तर त्यांत कोणीच नव्हते. कर बसवणारा कलकत्त्यात, मार खाणारा धामारीत. ही विसंगती वासुदेवांनाही टोचत असावी. पुढे श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाच्या पायाशी बसून त्यांनी जी आत्मकथा लिहिली, तीत आपण योजले एक आणि झाले दुसरेच, ही खंत उघड दिसते. सोबत्यांना लुटीत रस, राज्यक्रांतीत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले होते. दुष्काळाने पोट पाठीला लागलेल्या माणसाने आधी लुटीतला वाटा पाहिला, यात त्याला तरी दोष कसा द्यावा?

मे महिन्यात हे वादळ पनवेलच्या दारात आले. १० आणि ११ मे १८७९ च्या सुमारास दौलतराव नाईकांची टोळी घाट उतरून कोकणात शिरली आणि तिने पळस्पे व शेजारच्या गावावर छापा घातला. मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचे आणि तेथून बोरघाटाने पुण्याला जायचे, हा लोहमार्ग होण्यापूर्वीचा राजरस्ता. त्या रहदारीवर या भागात पिढ्यान्‌पिढ्या पैसा साठला होता. दीड लाखाच्या आसपास ऐवज गेल्याचे सांगितले जाते. म्हणजे या संपूर्ण बंडातली सर्वांत मोठी लूट झाली ती वासुदेवांच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर. परंतु तो पैसा बंडाच्या कामी आलाच नाही. परत घाट चढत असताना मेजर डॅनियलच्या तुकडीने टोळीला गाठले आणि गोळीबारात दौलतराव ठार झाले. बंडाची उजवी भुजाच तुटली.

त्याच महिन्यात वासुदेवांचा जाहीरनामा बाहेर पडला. त्याच्या प्रती गव्हर्नर, कलेक्टर आणि इतर अधिकाऱ्यांना धाडण्यात आल्या. मुंबईच्या वर्तमानपत्रांतही तो आला. त्यातल्या धमक्या सर्वांच्या लक्षात राहिल्या: मागण्या मान्य न झाल्यास गोऱ्यांची कत्तल होईल, १८५७ ची पुनरावृत्ती होईल. सरकारने आपल्यावर इनाम लावले तसे त्यांनी उलट गव्हर्नर टेंपल यांच्या शिरावर इनाम लावले, ही गोष्ट तर पुढे दंतकथेसारखी घरोघर गेली. मागण्या मात्र थोडक्यांच्या लक्षात राहिल्या. कर कमी करा. बेकार आणि उपाशी लोकांसाठी सरकारी कामे काढून त्यांना रोजगार द्या. युरोपीय अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कमी करा. राज्य सोडून चालते व्हा, हे त्यांच्या मनात असले तरी या कागदावर आधी आले ते करांचे ओझे, रोजगाराची हमी आणि प्रशासकीय खर्चातील कपात. पंधरा वर्षे जमाखर्च तपासलेल्या माणसाने जमेची बाजू आणि खर्चाची बाजू दोन्ही दुरुस्त करून पाठवल्या होत्या. सार्वजनिक सभेचे अर्ज साधारण याच गोष्टी मागत होते. फरक भाषेचा आणि हातातल्या शस्त्राचा.

परिणाम तत्काळ झाला. मुंबईच्या इंग्रजी पत्रांनी पुण्याच्या ब्राह्मणांवर आग पाखडली. लंडनच्या टाइम्सने दखल घेतली, पार्लमेंटातही दख्खनच्या अशांततेचा उल्लेख झाला. एरवी दुष्काळाचे अर्ज फायलीत पडून राहत. दरोड्यांनी ते विषय विलायतेपर्यंत नेले, ही गोष्ट पुण्याच्या सनदशीर पुढाऱ्यांना सुखावणारी खचितच नव्हती. देशी पत्रांनी लुटीचा निषेध केला, पण लूट का होते याची कारणेही छापली. अशातच १३ मे १८७९ रोजी रात्री पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. संशय साहजिकच फडक्यांच्या लोकांवर गेला. तपासाअंती दोषी ठरला तो सरकारी पुस्तकभांडारातला एक नोकर. बंडाशी त्याचा संबंध नव्हता. तोवर न्यायमूर्ती रानड्यांची धुळ्यास बदली होऊन त्यांच्या पत्रव्यवहारावर पाळतही बसली होती. ज्यांनी आयुष्यभर कायद्याची वाट सोडली नाही अशा माणसालाही बंडखोराचे गुरुपण असे भोवले.

दौलतरावांच्या मृत्यूनंतर वासुदेव दक्षिणेकडे वळले. निजामाच्या मुलखातील रोहिले आणि अरब यांना पगारी ठेवून नवी फौज उभारण्याचा त्यांचा बेत होता. परंतु मेजर डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक त्यांच्या पाठीवर होते. दिवसेंदिवस चाललेली पायपीट, अंगात ताप, जवळ मोजकी माणसे. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावदगी गावाजवळ, थकून झोपी गेलेल्या अवस्थेत त्यांना पकडण्यात आले.

पुण्यात त्यांना संगमाजवळच्या तुरुंगात ठेवून खटला चालवण्यात आला. ज्या शहरात व्याख्यानाला माणसे मिळत नव्हती, तेथे आता त्यांना नुसते पाहण्यासाठी रस्त्यावर गर्दी लोटली. बचावाला उभे राहिले ते सार्वजनिक काका जोशी आणि महादेव चिमणाजी आपटे, म्हणजे पुढे आनंदाश्रम संस्था स्थापन करणारे. दरोड्याच्या मार्गाशी दोघांचाही संबंध नव्हता. आरोपीची बाजू मात्र त्यांनी निर्भयपणे मांडली. वासुदेवांच्याच हातची रोजनिशी आणि आत्मकथा त्यांच्याविरुद्ध मुख्य पुरावा ठरली. हिशेब लिहून ठेवण्याची सवय शेवटी त्यांच्याच मुळावर आली. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

नेमक्या त्याच दिवसांत एक कायदा अमलात आला. सुप्याच्या दंग्याला चार वर्षे उलटली तरी चौकशी अहवालावर धूळ साचत होती. १८७९ च्या उन्हाळ्यातील धामधुमीनंतर त्याला एकाएकी गती आली. जुलैत विधेयक मांडले गेले आणि १ नोव्हेंबर १८७९ पासून दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांना लागू झाला. सावकाराच्या दाव्यात न्यायाधीशाने मूळ देवघेवीपर्यंत जाऊन हिशेब तपासावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशा तरतुदी त्यात होत्या. १८८० साली परवाना करातून पाचशे रुपयांखालील उत्पन्नाचे छोटे धंदेवाले वगळण्यात आले. हे सारे फडक्यांच्या बंडामुळेच झाले असे म्हणणे धारिष्ट्याचे ठरेल; या सुधारणांची मागणी आधीपासून होत होती आणि त्यासाठी झटणारे अधिकारीही सरकारात होते. परंतु रयतेचा असंतोष कोणत्या थराला जाऊ शकतो याचा ताजा नमुना सर्वांच्या डोळ्यांपुढे होता, हेही विसरता येत नाही. साऱ्याच्या दराला मात्र त्या कायद्याने हात लावला नाही. सावकार आवळला गेला, सरकार सुटले.

जानेवारी १८८० मध्ये वासुदेव बळवंतांना बोटीने एडनला नेण्यात आले. अंदमानात ठेवल्यास इतर मराठी कैद्यांशी संबंध येईल, ही सरकारची धास्ती. एडनच्या रुक्ष खडकावरील तुरुंगात बेड्यांसह एकांतवास सुरू झाला. एका रात्री त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडले आणि ते पळाले. वाळवंटात, अनोळखी मुलखात, अनोळखी भाषेच्या माणसांत ते किती दूर जाणार? थोड्याच वेळात पुन्हा पकडले गेले आणि बंदोबस्त अधिकच कडक झाला. त्यानंतर प्रकृतीने दगा दिला. अन्नावरची वासनाही त्यांनी सोडली. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, एडनमध्येच त्यांचा अंत झाला. शिरढोणला बातमी पोहोचली ती बरीच उशिरा.

त्यांची स्मारके पुढे पुष्कळ झाली. शिरढोणचा वाडा आहे, मुंबईत धोबीतलावच्या चौकाला त्यांचे नाव आहे, १९८४ साली टपाल तिकीट निघाले, २००७ मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपट आला. पनवेलच्या नाट्यगृहालाही त्यांचेच नाव असल्याने शहरातील नव्या पिढीच्या तोंडी ते रोज येते, निदान तिकिटाच्या निमित्ताने तरी.

सरकारच्या जमाखर्चाचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्यातून दुष्काळसंहिता तयार झाली. पीक बुडाले की सरकारने कामे काढून मजुरी द्यावी, ही तिची मुख्य कल्पना. परवाना कर उत्तरोत्तर लंगडा होत गेला. त्याच्या जागी १८८६ साली नवा प्राप्तिकर कायदा आला आणि त्यात पगारदार सरकारी अधिकारीही व्यापाऱ्यांच्या रांगेत येऊन बसले. मिठावरचा कर मात्र १८८२ साली मणामागे दोन रुपयांवर उतरून १८८८ मध्ये पुन्हा अडीच रुपये झाला. पनवेलच्या खाडीकाठचे आगरी तोच कर भरत राहिले.